परागंदा

माझी आजी कडक भाकऱ्यांची चवड धडप्यात बांधून फळीवर ठेवायची. सोलापुरात कडक भाकरी घरोघरी असते, त्यात नवल नाही. पण ही चवड खाण्यासाठी नसे. महिन्याभराने जुन्या भाकऱ्या खाली यायच्या, नव्या वर जायच्या. कशाला गं, असं विचारलं की म्हणायची, "असू दे बाळा. निघायची वेळ आली तर?"

आजी १९४८ च्या उन्हाळ्यात तुळजापूरकडून रातोरात बैलगाडीने आलेली. "मोगलाईतनं आलो," असं सांगायची. निजामाच्या मुलखाला आमच्याकडे मोगलाई म्हणत. तुळजापूर इथून जेमतेम ४५ किलोमीटर, पण मधली हद्द तेव्हा परक्या राज्याची होती. हैदराबाद संस्थान भारतात सामील झालेलं नव्हतं, आणि निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकाने माणसं सोलापूर-बार्शीकडे धावत होती. रझाकार म्हणजे मुळात स्वयंसेवक. अरबी 'रझा' म्हणजे खुषी, संमती. आपली रजा, राजी, राजीनामा हे सगळे त्याच कुळातले. अशा कुळातल्या शब्दाने हजारोंना मनाविरुद्ध उंबरा ओलांडायला लावावा, याची मला आजही खंत वाटते.

सरकारी कागदांत अशा माणसांसाठी शब्द असतो निर्वासित. 'वस्' म्हणजे राहणं. वस्ती, निवास, वसाहत त्यातूनच आले. निर्वासित म्हणजे राहत्या जागेतून ज्याला बाहेर काढलं तो. रघुवंशाच्या चौदाव्या सर्गात रामाने टाकलेली सीता स्वतःला हेच विशेषण लावते. शब्द नेमका आहे, पण तो घरापाशी थांबतो. घर सुटल्यावर माणसाच्या आत काय होतं, ते त्यात नाही.

ते आहे 'परागंदा'त. हा फारसी शब्द. अर्थ, पांगलेला, विखुरलेला. मराठीत आपण तो परमुलखात पळालेल्या माणसापुरता ठेवला. फारसीत मात्र मनही परागंदा होतं. 'परागंदा-खातिर' म्हणजे ज्याचं चित्त सैरभैर झालं आहे असा माणूस. खातिर म्हणजे मन. आणि याच्या अगदी उलट अवस्थेचा शब्द आपण रोज वापरतो, खातरजमा. खातिर जमा, म्हणजे पांगलेलं मन पुन्हा एका जागी गोळा होणं. बँकेत सहीची खातरजमा करतात तेव्हा हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या बोलीलाही ही जाण आहेच. आसरा मिळाला नाही तर थारा मिळाला नाही म्हणतो, आणि जीव घाबरा असला की मन थाऱ्यावर नाही म्हणतो. डोक्यावरच्या छपराला आणि मनाच्या स्वस्थतेला एकच शब्द!

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज सोलापूरच्या रस्त्याने नळदुर्गकडे निघाली, १७ तारखेला निजाम शरण आला. मग परागंदा होण्याची पाळी मुसलमान कुटुंबांवर आली. त्यांच्यावरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, नोंदवला आहे. आजी रझाकारांबद्दल बोलायची तशीच गावाकडच्या तिच्या गल्लीतल्या अमिनाबद्दलही बोलायची. ती पुढे कुठे गेली, हे आजीला कधी कळलं नाही.

सोलापुरात आजीने जन्मभर विड्या वळल्या. पानं भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून दोरा गुंडाळायचा. "हात चालू असला की डोस्कं गप ऱ्हातं," म्हणायची. तिच्या मनाला दुसरं औषध कुणी दिलं नाही, तिनेही मागितलं नाही.

रात्री मात्र ती एकदा उठायचीच. दाराची कडी चाचपायची. झोपलेली माणसं बोटाने मोजायची, चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. मग फळीवरच्या धडप्याला हात लावून यायची. एकदा मला जाग आली. म्हटलं, "आजी, काय करतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. "खातरजमा करते. झोप तू."