एमएच १२ म्हणजे पुणेकरच का? नंबर प्लेट काय सांगते आणि काय सांगत नाही

"समोर एमएच १२ आहे, जरा लांबूनच चल." मुंबईत हे वाक्य ऐकू येतं. पुण्यात हेच एमएच १४ बद्दल बोललं जातं आणि गणपतीच्या दिवसांत कोकणात मुंबईच्या गाड्यांबद्दल. इन्स्टाग्रामवर तर नंबर प्लेटवरून ड्रायव्हरची खिल्ली उडवणाऱ्या रील्सचा वेगळाच बाजार आहे. पण प्लेटवरच्या अक्षरांमधून नेमकी कोणती माहिती मिळते? कोड पाहून ड्रायव्हर कसा आहे ते कळतं का? आणि तुमचाच नंबर दुसऱ्या कुणी वापरला तर काय करायचं? या लेखात हे सगळं क्रमाने पाहू.

नंबर कसा वाचायचा?

समजा नंबर आहे एमएच १२ एबी १२३४. त्याचे चार भाग होतात.

१. एमएच : राज्याचा कोड. महाराष्ट्र एमएच, गोवा जीए, कर्नाटक केए, गुजरात जीजे.
२. १२ : ज्या आरटीओत गाडीची नोंदणी झाली त्याचा क्रमांक. १२ म्हणजे पुणे.
३. एबी : मालिका. इंग्रजी आय आणि ओ ही अक्षरं इथे वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात.
४. १२३४ : त्या मालिकेतला गाडीचा क्रमांक, १ ते ९९९९.

थोडं गणित करू. २६ मधून दोन अक्षरं वगळली की २४ उरतात. दोन अक्षरांच्या मालिका होतात २४ × २४ म्हणजे ५७६. प्रत्येक मालिकेत ९९९९ नंबर धरले तर एका आरटीओकडे साधारण ५७ लाख ५९ हजार नंबर असतात. ऐकायला खूप वाटतात, पण पुण्यासारख्या शहरात मालिका किती भराभर संपतात ते शोरूमबाहेर उभं राहिलं की कळतं.

महाराष्ट्राचे कोड पाठ करायची सोपी युक्ती

एमएच ०१ पासूनची यादी वरवर पाहिली तर क्रमाला काही अर्थ नाही असं वाटतं. पण ती महसूल विभागांप्रमाणे लावलेली दिसते.

- कोकण (०१ ते ०८) : ०१ मुंबई ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ०४ ठाणे, ०५ कल्याण, ०६ पेण, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी
- पुणे विभाग (०९ ते १४) : ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, १४ पिंपरी चिंचवड
- नाशिक विभाग (१५ ते १९) : १५ नाशिक, १६ अहिल्यानगर, १७ श्रीरामपूर, १८ धुळे, १९ जळगाव
- मराठवाडा (२० ते २६) : २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड
- अमरावती विभाग (२७ ते ३०) : २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला
- नागपूर विभाग (३१ ते ३६) : ३१ नागपूर शहर, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, ३५ गोंदिया, ३६ भंडारा

यानंतर मात्र क्रम मोडतो. ३७ वाशिम, ३८ हिंगोली आणि ३९ नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९९८-९९ मध्ये तयार झाले, म्हणून त्यांचे कोड आपापल्या विभागात न बसता शेवटी आले. पुढे गाड्या वाढल्या तशी नवीन कार्यालयं आली : ४० नागपूर ग्रामीण, ४१ मालेगाव, ४२ बारामती, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल, ४७ बोरिवली, ४८ वसई, ५० कराड वगैरे.

रंगांचा अर्थ

- पांढरी प्लेट, काळी अक्षरं : खाजगी गाडी
- पिवळी प्लेट, काळी अक्षरं : टॅक्सी, ट्रक, बस अशी व्यावसायिक गाडी
- काळी प्लेट, पिवळी अक्षरं : स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी गाडी
- हिरवी प्लेट : इलेक्ट्रिक गाडी. अक्षरं पांढरी असतील तर खाजगी, पिवळी असतील तर व्यावसायिक
- निळी प्लेट, पांढरी अक्षरं : परदेशी दूतावासाची गाडी

गोव्यात भाड्याने स्कूटर घेताना हा रंग नक्की बघा. पांढऱ्या प्लेटची, म्हणजे कुणाची तरी खाजगी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेतलीत आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

एचएसआरपी कशासाठी?

१ एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच लागून येते. त्याआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे. महाराष्ट्रात त्यासाठीची मुदत अनेकदा वाढवली गेली. या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर अशोकचक्राचा २० × २० मिलिमीटरचा होलोग्राम असतो, त्याखाली निळ्या रंगात आयएनडी ही अक्षरं आणि लेझरने कोरलेला एक कायमचा क्रमांक असतो. प्लेट बसवायचं लॉक एकदाच वापरता येतं. काढायला गेलं तर ते तुटतं.

यातला तांत्रिक मुद्दा आहे अक्षरांच्या ठरावीक वळणाचा. रस्त्यावरचा कॅमेरा आधी फोटोतली प्लेट शोधतो, मग एकेक अक्षर वेगळं करून ओळखतो. पहिल्या दोन जागी अक्षरंच असणार आणि शेवटच्या चार जागी आकडेच असणार हे सॉफ्टवेअरला माहीत असतं, त्यामुळे इंग्रजी बी आणि ८ यांतला गोंधळ बराच कमी होतो. पण कुणी ४१४१ हा नंबर वळवून 'दादा' केला, किंवा ८०५५ चा 'बॉस' केला, की ओळखीत चूक होते. ती चूक भलत्याच माणसाच्या नावावर चलान पाडू शकते. त्यामुळे फॅन्सी प्लेट बेकायदेशीर असण्यामागे दिसण्याचा प्रश्न नाही.

मग कोडवरून ड्रायव्हर ओळखता येतो का?

थोडक्यात सांगायचं तर नाही. प्लेटवरून नोंदणी कुठे झाली एवढंच कळतं. एमएच २४ ची बाईक चालवणारी मुलगी चार वर्षं पुण्यात शिकत असते. एमएच ०२ ची जुनी कार साताऱ्यातल्या कुणीतरी विकत घेतलेली असते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर तर आपल्या राज्यातल्या कोणत्याही आरटीओत नोंदणी करायची तरतूद आहे.

तरीही "अमुक कोडवाले असेच" हे आपल्याला खरं का वाटतं? मुंबईत एमएच ०२ ची गाडी आडवी आली तर आपण शिवी हासडून पुढे जातो, प्लेटकडे बघतही नाही. एमएच १२ आडवी आली की प्लेट दिसते आणि लक्षात राहते. मोजणीच एकतर्फी झाली की निष्कर्षही एकतर्फीच येणार.

पण सवयींमध्ये फरक असतो हेही खरं आहे. त्या सवयी रस्त्यामुळे लागतात.

दक्षिण मुंबई : बांद्रा आणि सायनच्या पुढे दक्षिणेकडे रिक्षा चालत नाहीत. रहदारीत टॅक्सी, बेस्ट आणि कार जास्त, त्यामुळे लेन बऱ्यापैकी पाळली जाते. इथे शिकलेल्याला अचानक डावीकडून घुसणाऱ्या वाहनाची सवय नसते.

पुणे : हे दुचाकींचं शहर आहे. पेठांच्या गल्ल्या अरुंद, त्यामुळे फट दिसली की पुढे सरकायचं हे अंगवळणी पडतं. दुचाकीवर ते निभावतं. तीच सवय कारमध्ये घेऊन महामार्गावर गेलं की समोरच्याला धडकी भरते.

कोकण आणि घाट : आंधळ्या वळणावर हॉर्न देणं इथे गरजेचं असतं, त्याला उद्धटपणा म्हणता येत नाही. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा तर नियमच आहे. सपाटीवर शिकलेल्या अनेकांना तो ठाऊक नसतो आणि मग "मुंबईवाले साइड देत नाहीत" अशी ओरड होते.

ऊसपट्टा : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर. गाळप हंगामात रात्री ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. इथला माणूस अंधारात वेग आपोआप कमी करतो. बाहेरचा करत नाही, आणि जीव जातो तो इथे.

समृद्धी महामार्ग : नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, कारला १२० ची मर्यादा. रस्ता सरळ आणि दृश्य तेच ते, त्यामुळे डोळे उघडे असूनही लक्ष हरवतं. इथे कोड कोणताही असो, दर दीड-दोन तासांनी थांबा आणि निघण्याआधी टायरमधली हवा तपासा.

खुणांची भाषाही सगळीकडे सारखी नसते. आपल्याकडे समोरून डिपर मारला तर अर्थ असतो, "मी येतोय, थांब." ब्रिटनमध्ये बऱ्याचदा त्याचा अर्थ होतो, "तू आधी जा." पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर काही ठिकाणी तो ओव्हरटेक करायला सांगत असतो आणि काही ठिकाणी तो खरंच उजवीकडे वळणार असतो. अशा वेळी अंदाज न लावता मागे राहणं शहाणपणाचं. ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज' या ओळीवर महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंदी घातली, कारण ती विनाकारण हॉर्न वाजवायला आमंत्रण देत होती.

दुसऱ्या शहरात गेलात तर नंबर बदलायचा का?

- महाराष्ट्रातच असाल तर नाही. लातूरची बाईक पुण्यात त्याच नंबरवर चालते. पत्ता बदलल्याचं मात्र ३० दिवसांत कळवायचं असतं. "बाहेरची प्लेट आहे" एवढ्यावरून दंड होऊ शकत नाही. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजीलॉकरमध्ये ठेवा आणि शांतपणे दाखवा.
- दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवणार असाल तर तिथली नोंदणी लागते. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी घ्या.
- वारंवार बदली होत असेल तर २०२१ मध्ये सुरू झालेली बीएच मालिका आहे. सरकारी कर्मचारी, संरक्षण दल आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी ती घेऊ शकतात.

तुमच्या नंबरवर भलत्याचं चलान आलं तर?

१. घाईने पैसे भरू नका. दंड भरला की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं.
२. चलानमधला फोटो डाउनलोड करा. मॉडेल, रंग, स्टिकर, आरसे, पोचे आपल्या गाडीशी ताडून पहा.
३. त्या वेळी गाडी कुठे होती याचा पुरावा गोळा करा : फास्टॅगच्या नोंदी, पार्किंगची पावती, मॅप्सची टाइमलाइन.
४. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर तक्रार नोंदवा. कॅमेऱ्याची वाचनचूक असेल तर फोटोवरूनच स्पष्ट होतं.
५. फोटोत तुमचाच नंबर लावलेली दुसरी गाडी असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर हा कागदच तुम्हाला वाचवेल.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानची एपीके फाइल आली तर ती उघडू नका, सरकारी साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपतो. गाडी विकायला फोटो टाकताना नंबर झाका. आणि विकल्यावर आरसीवरचं नाव बदललं का ते स्वतः तपासा, कारण तोपर्यंत प्रत्येक नोटीस तुमच्याच दारात येणार.