रोगापर्यंत पोंचणारा किरण

पूर आला म्हणजे नृसिंहवाडीस कृष्णा-पंचगंगेचें पाणी थेट देवळांत शिरतें. पुराला घर आणि शेत हा भेद नसतो. तेंच पाणी पाटानें नेलें, तर नेमकें उसाच्या मुळाशीं पोंचतें. कर्करोगावरील किरणोपचारांचा इतिहास म्हणजे असा पाट शोधण्याचा इतिहास होय.

1895 सालीं राँटजेन यांस क्ष-किरण आढळले. 1898 सालीं क्यूरी दांपत्यानें रेडियम शोधलें. किरणांनीं रोगट पेशी मरतात, हें लवकरच दिसून आलें. पण भोवतालच्या निरोगी पेशीही होरपळत. किरण हाताळणाऱ्या कित्येक संशोधकांस त्याचे भोग स्वतःच्या देहावर भोगावे लागले.

28 फेब्रुवारी 1941 रोजीं मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत डॉ. सॉल हर्ट्झ यांनीं गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीच्या विकारावर किरणोत्सर्गी आयोडीन योजिलें. अन्नांतील आयोडीन ही ग्रंथी स्वतःकडे ओढून घेते. मग किरणोत्सर्गी आयोडीन पोटांत दिलें, तर तेंही मुख्यतः तेथेंच जमणार! बाहेरून नेम धरण्याचें कारण उरलें नाहीं. शरीरानेंच औषधाला वाट दाखविली. पुढें या ग्रंथीच्या कर्करोगावरही तें उपयोगी पडलें.

मात्र हें औषध कुपींत ठेवलें तरी झिजतें. आठ दिवसांनीं निम्में उरतें, सोळा दिवसांनीं पाव. परदेशाहून मागविलें, तर बरेंचसें वाटेंतच सरावयाचें. मग ज्या देशाजवळ अणुभट्टी नाहीं, तेथील रोग्यांनीं काय करावें? भारतापुरतें याचें उत्तर मुंबईजवळ ट्रॉम्बे येथें मिळालें. डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखालीं 1956 सालीं तेथें ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली आणि 1963 सालीं परळ येथें अशा औषधांसाठीं रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें. ट्रॉम्बेच्याच ‘ध्रुव’ भट्टींत आज ल्युटेशियम-177 तयार होतें. विशिष्ट गांठींच्या पेशींना चिकटणाऱ्या रेणूस तें जोडतात. त्याचे मारक कण जेमतेम दोन मिलिमीटर शिरतात.

यानें प्रत्येक कर्करोग बरा होतो, असें मात्र नव्हे. जी गांठ औषध ओढून घेते, तिच्यावरच तें चालतें. म्हणून आधीं तपासणी करून मगच तें देतात. रोग मारतांना रोगी राखावा, ही वैद्यकाची जुनी अट; ती पाळण्याची पहिली वाट किरणांस सांपडावयास जवळजवळ अर्धशतक लागलें.