जुनं नेटवर्क कार्ड, बेकरचा ड्रायव्हर

हा भाग ऐकताना तुमच्या फोनचं वाय-फाय आपोआप जोडलं गेलं असेल. ‘इंटरप्ट कितवा देऊ?’ असं त्यानं विचारलं नसेल. तीस वर्षांपूर्वीच्या लिनक्सला मात्र हे सांगावंच लागायचं.

तेव्हाचं स्वस्त कार्ड म्हणजे एनई२०००. मूळ नॉव्हेलचं, पण नकला भरपूर. ते आयएसए स्लॉटमध्ये बसायचं आणि आयएसएची गोची अशी, की कार्ड स्वतःची ओळख सांगत नाही. जम्पर बघायचे, पत्ता शोधायचा, बहुतेकदा हेक्स ३००, आणि तो ड्रायव्हरला हातानं द्यायचा. तीच इंटरप्ट लाइन साउंड कार्डानं धरलेली असली, की झालं भांडण! पीसीआय आलं तेव्हा हे थांबलं. विचारलं की कार्ड कंपनी नि मॉडेल सांगतं.

पण कार्ड ओळखून काय उपयोग, ड्रायव्हर नको? इथं डोनाल्ड बेकर येतो. लिनक्सचे सुरुवातीचे कितीतरी इथरनेट ड्रायव्हर या एका माणसानं लिहिले. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड सेंटरमध्ये त्यानं आणि थॉमस स्टर्लिंगनं साधे १६ पीसी जोडून ‘बेवुल्फ’ उभारला, म्हणजे गरिबाचा सुपरकॉम्प्युटर. १० मेगाबिटचं नेटवर्क कमी पडलं, तर एकापेक्षा जास्त कार्डं एकत्र जुंपली. मला हा जुगाड त्या सुपरकॉम्प्युटरपेक्षाही भारी वाटतो.

आता शहाद्यात या. इथल्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला एक पीसी माझ्या चुलतभावाच्या दुकानात आलाय. आत रिअलटेक ८१३९. इतकं काटकसरीचं कार्ड, की प्रत्येक पॅकेट कॉपी करायचं कामही प्रोसेसरवर ढकलतं. ‘एलएसपीसीआय’ टाकलं, नाव दिसलं. ‘मॉडप्रोब ८१३९टू’ म्हटलं, केबल लावली, आयपी मिळाला. हा ड्रायव्हर जेफ गार्झिकचा, पण त्यातला बराचसा कोड बेकरच्या १९९७-२००१ च्या ड्रायव्हरमधून आलाय, आणि फाइलीत तसं लिहिलंय.

कार्डाचा मॅक ॲड्रेस १२ अक्षरी असतो. आपल्या तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, तेही १२ अंकीच. फरक एवढा, की मॅकच्या पहिल्या सहा अक्षरांवरून कंपनी कळते. आधारच्या आकड्यांवरून गाव कळत नाही.

खरी भीती कार्डाची नाहीच. पीसी ३२ बिटचा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नं ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलर बंद केला. म्हणून दुकानात डेबियन १२ टाकलंय. बिलांचा बॅकअप रोज रात्री त्याच कार्डावरून जातो.