पुरंदरचे अंजीर

श्रोतेहो, थंडी सरून ऊन तापू लागलं, की आमच्या वारज्यात महामार्गाच्या पुलाजवळ अंजिरं विकायला येतात. जांभळट, सुरकुतलेली, बोट लावलं तर दबतील इतकी मऊ. विकणारी बाई भाव सांगण्याआधी गाव सांगते, "पुरंदरचं हाय, दादा!" भाव पुढं घासाघीस करून कमी होतो, गाव मात्र कमी होत नाही. फळाआधी गावाचं नाव का सांगावं लागतं, ह्याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

आपल्याकडे क्वचित भेटणाऱ्या माणसाला 'उंबराचं फूल' म्हणतात. उंबराला फूल दिसत नाही म्हणून ही म्हण. अंजीर हे त्याच उंबराचं जवळचं भावंड, आणि खरी गंमत अशी, की आपण ज्याला फळ म्हणतो तीच फुलांची बंद पिशवी आहे. शेकडो बारीक फुलं आत तोंड करून बसलेली असतात. पिशवीच्या टोकाला एक सूक्ष्म भोक असतं आणि त्यातून एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरून पराग पोचवते. तुर्कस्तानातल्या स्मर्ना जातीच्या अंजिराचं ह्या माशीवाचून पान हलत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही झाडं हौसेनं लावली. झाडं वाढली, पण फळं कच्चीच गळून पडू लागली. शेवटी 1899 साली माशी आणून तिथं रुजवली, तेव्हा कुठं बागा फळाला आल्या.

आपल्या पुणेरी अंजिराला असली परावलंबी सवय नाही. ते माशीवाचून फळतं. मात्र त्याच्या बियांतून रोप होत नाही. म्हणून शेतकरी पिढ्यानपिढ्या फाटे कलम करीत आला. वडिलांच्या बागेतला फाटा मुलानं लावायचा, सोयऱ्याच्या गावी सोयऱ्यानं न्यायचा. म्हणजे आज पुरंदरात उभं असलेलं झाड हे एका अर्थानं पणजोबांच्याच झाडाची फांदी आहे.

अंजीर हा शब्द फारसी. फळही पश्चिम आशियातलं. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीची, अशीच माशीवाचून वाढलेली अंजिरं संशोधकांना सापडल्याचं 2006 साली जाहीर झालं. धान्याची शेती रुळण्याआधीच माणूस अंजिराचे फाटे लावू लागला असावा, असा तर्क त्यावरून निघाला. सगळ्यांना तो पटलेला नाही, पण फळाचं जुनेपण कुणी नाकारीत नाही.

मग परदेशातलं हे झाड पुरंदरातच इतकं का रमलं? आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिलं, ती ही कऱ्हा. ह्या खोऱ्यात पाऊस बेताचा, हवा कोरडी, जमीन हलकी, मुरमाड आणि निचऱ्याची. भाताला ही जमीन नको असते, अंजिराला नेमकी हीच हवी. मुळाशी पाणी साचलं की झाड रुसतं. फळ पिकताना पाऊस पडला की ते उकलतं, आणि दमट हवेत पानांवर तांबेरा येतो.

म्हणूनच इथला शेतकरी बहार धरण्यात तरबेज झाला. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, छाटणी करायची, मग खत-पाणी द्यायचं. पावसाळ्याच्या तोंडाशी धरला तो खट्टा बहार. त्याची फळं हिवाळ्यात येतात. पावसाळ्याच्या अखेरीस धरला तो मीठा बहार. त्याची फळं उन्हाळ्याच्या सुमारास. नावातच चव सांगितली आहे. फळं तोडायची ती भल्या पहाटे. देठातून पांढरा चीक निघतो, तो हाताला चावतो. तोडणाऱ्या बायकांचे हात पाहिले, म्हणजे गोडीची किंमत कळते.

आणि पिकलेलं फळ टिकतं जेमतेम दोन दिवस. तेव्हा जवळ मोठी बाजारपेठ हवी. 1886 साली पुण्यात रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उभी राहिली. दिवे घाट उतरला की पुणे, ही पुरंदरची दुसरी पुण्याई. माती, हवा आणि जवळचं गिऱ्हाईक ह्या तिन्हींनी मिळून हे अंजीर घडवलं.

थायलंडात सिसाकेत प्रांतातला डुरियन ज्वालामुखीच्या मातीतला म्हणून वेगळा गणला जातो आणि त्याला कायद्यानं नाव राखून दिलेलं आहे. आपल्याकडेही 1999 चा भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे. त्याखाली 2016 साली पुरंदरच्या अंजिराची नोंद झाली. दुसऱ्या मुलखातलं अंजीर आता ह्या नावानं विकता येत नाही. पुढं 2024 साली पुरंदरच्या अंजिराचा रस पोलंडला रवाना झाला. दोन दिवसांचं फळ समुद्रापार गेलं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण श्रोतेहो, त्याच 2016 साली पुरंदर तालुक्यात पुण्याचा नवा विमानतळ करण्याचं जाहीर झालं. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही सात गावं त्या आराखड्यात आली. ह्या टापूत अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत. 2025 साली तिथल्या शेतकऱ्यांनी भूसंपादनाला कडाडून विरोध केला. शहराला विमानतळ हवा, हे म्हणणारेही आपलेच आणि बाग सोडवत नाही, हे म्हणणारेही आपलेच.

ह्या वादाचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. इतिहास मात्र एक गोष्ट दाखवतो. मानांकनानं नाव राखलं जातं, जमीन राखली जात नाही. फाटा तोडून कुठंही नेता येतो. मोबदल्याचे पैसे बँकेत ठेवता येतात. पण कऱ्हेकाठचा मुरूम, तिथली कोरडी हवा आणि बहार कधी धरायचा हे सांगणारा म्हाताऱ्याचा अंदाज, ह्यांची कलमं होत नाहीत.

तेव्हा पुढच्या खेपेला पुलाजवळची ती बाई "पुरंदरचं हाय" म्हणाली, तर भाव करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : "पुरंदरात कुठलं, बाई?" ती गावाचं नाव सांगेल. ते नाव ध्यानात ठेवा. फळ दोन दिवसांत संपतं; गावाचं नाव तेवढ्यात संपू नये.