भिवंडीचे कारखाने

‘कारखाना’ हा शब्द आमच्या भाषेंत जुना व भारदस्त आहे. बारा महाल व अठरा कारखाने ही शिवकालीन राज्यव्यवस्थेंतील जोडी शाळकरी मुलांसहि ठाऊक असते. हत्ती, धान्य, शस्त्रें हा राजाचा इतमाम त्या कारखान्यांत मोडे. भिवंडींत हाच शब्द कोणत्याहि गल्लींत ऐकूं येतो. परंतु ज्या वास्तूस तो लावितात ती पाहिली असतां प्रथम निराशाच होते. विटांच्या चार भिंती, वर पत्र्याचें छप्पर, एक अरुंद दार, बहुधा बंदच असणाऱ्या खिडक्या आणि आंत डझन-दोन डझन यंत्रमाग, एवढाच तो कारखाना. त्यास धुराडें नाहीं कीं घड्याळाचा मनोरा नाहीं. तरीहि ह्या वास्तूचा इतिहास लिहिला जावा, आणि तो लवकर लिहिला जावा, असें आम्हांस वाटतें. कारण ती वास्तु आपल्या डोळ्यांदेखत नाहींशी होत आहे.

कारखान्याची इमारत कशी असावी याविषयीं विसाव्या शतकांतील एक नमुना जगप्रसिद्ध आहे. मोराव्हियांतील झ्लीन ह्या लहानशा गांवीं १८९४ सालीं बाटा भावंडांनीं जोडे करण्याचा धंदा मांडला. पुढें तेथें इमारतींचा एक सांचा ठरला : ६.१५ मीटरचा एकच चौकोन, कांक्रीटचे खांब, मधें विटा व कांच. तोच चौकोन हवा तितक्या वेळां गिरवून कारखाना, शाळा व वसतिगृह अशा इमारती उभ्या राहिल्या. इंग्लंडांतील ईस्ट टिल्बरी व हुगळीकांठचें बाटानगर हीं त्याच कुळींतलीं. झ्लीनची १९३८ सालीं पुरी झालेली उंच कचेरी तर अशी कीं, मालकाची खोलीच उद्वाहकांत बसविलेली; मालक आपल्या मेजासह मजल्यामजल्यांवर हिंडूं शकावा ही योजना! आज त्या कारखान्याच्या १४ व १५ क्रमांकांच्या इमारतींत संग्रहालय, चित्रशाळा व ग्रंथालय आहे. जोड्यांचा कारखाना गेला, पण त्याच्या इमारतींस क्रमांक होते, नकाशे होते, शिल्पकारांचीं नांवें होतीं. म्हणून त्या वांचल्या. तेथें कारखान्यानें गांव घडविलें. भिवंडींत गांव व घर आधींचें, आणि कारखाना त्या घरांत मागाहून शिरलेला.

कामवारी नदीच्या कांठचें हें गांव पूर्वीं भाताच्या व लाकडाच्या व्यापाराचें. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकरांचीं कुटुंबें येथें येऊन वसलीं. त्यांच्याबरोबर आला तो खड्डामाग. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पायपट्ट्या चालविण्यासाठीं त्याचे पाय खड्ड्यांत सोडलेले असतात. खड्ड्यांतील ओलाव्यानें सूत तुटत नाहीं. अशा घराचा नकाशा मागच ठरवितो. पुढची खोली मागाची, मागची संसाराची. बायका-मुलें आंत कांड्या भरीत, आणि ताणा लांबवर पसरून त्यास पांजण द्यावयाची तर घर अपुरें पडे, म्हणून गल्लीच कामास येई. रस्ता, ओटा, माजघर हे सर्व मिळून एक कारखाना होता. फक्त त्यास तें नांव नव्हतें.

१९२७ सालीं गांवांत वीज आली आणि पुढील दशकांत खानसाहेब समद शेठ यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या प्रेरणेनें हातमागांची जागा यंत्रमाग घेऊं लागले. ह्या फेरबदलांत इमारतीचें काय झालें इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें नाहीं. खड्डा बुजला व त्यावर फरशी आली. लोखंडी माग जड, शिवाय तो चालतांना सारें घर हादरतें. तेव्हां माग तळमजल्यावरच राहिला आणि माणसें माळ्यावर चढलीं. मधल्या भिंती पडल्या. गिरण्यांत एका दांड्यावरून चामड्याचे पट्टे खालीं सोडून अनेक माग फिरवीत. अशी योजना ज्या घरांत करावयाची त्यास सरळ, लांब व उघडी जागा हवी. मुंबईच्या गिरणींत करवतीच्या दात्यांसारखें छप्पर करून उत्तरेचा थंड उजेड आंत घेत. भिवंडीच्या घरांत ती चैन कोठली? उजेड दिव्यांचा, आणि सूत कोरडें पडूं नये म्हणून खिडक्या बंद.

परंतु आमच्या मतें ह्या वास्तूचा खरा स्थपति कायदा होय. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें, वीज वापरून दहा किंवा अधिक माणसें कामास लावणाऱ्या जागेस ‘फॅक्टरी’ ठरविलें. उजेड, हवा, पाणी, कामाचे तास यांचे नियम त्या जागेस लागू झाले. एक विणकर चार किंवा त्याहून अधिक माग संभाळतो. तेव्हां मोठी शेड बांधून ती कागदोपत्रीं भाऊ, मुलगा, पत्नी यांच्या नांवें लहान लहान तुकड्यांत वांटणें हें मालकास सोईचें झालें. जबकारी करांतील सवलतीहि लहान घटकांनाच असत. म्हणून ही शेड बाहेरून अशी गरीब, अनामिक व एकासारखी एक दिसते. झ्लीनच्या कारखान्यास आपण दिसावें अशी हौस होती. भिवंडीच्या कारखान्याचा फायदा न दिसण्यांत होता. इमारतीचें दैन्य हें सर्वस्वीं दारिद्र्याचें लक्षण नव्हे, त्यांत हिशेबहि आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं संप सुरू झाला आणि गिरण्यांचें कापड भिवंडींत विणलें जाऊं लागलें. गिरण्यांनीं मोडींत काढलेले मागहि येथें येऊन पुन्हां चालूं लागले. उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगण येथून कामगार आले. बारा बारा तासांच्या दोन पाळ्या, जेवण भिशींत, झोंप माळ्यावर किंवा मागांच्याच कडेस. घर म्हणून जी वास्तु सुरू झाली ती शेवटीं घरापासून शेंकडों कोस दूर असलेल्या माणसांची रात्र काढण्याची जागा झाली. १९७० व १९८४ च्या दंगलींत ह्या रचनेची किंमत दिसून आली : जेथें घर व माग एकाच छपराखालीं होते तेथें एका आगींत निवारा व रोजगार दोन्ही गेले.

गेल्या कांहीं वर्षांत हजारों माग भंगारांत गेले. नाशिकच्या महामार्गालगत विस्तीर्ण गोदामें उभीं राहिलीं आहेत, आणि गांवांतल्या जुन्या शेडींतहि आतां कोठें कोठें खोकीं रचलेलीं असतात. इतिहास-संशोधकानें किंवा शिल्पशास्त्राच्या विद्यार्थ्यानें अशा एका तरी शेडीचें माप घेऊन नकाशा करावा. छपराकडे पाहून त्याला विशेष कांहीं कळणार नाहीं. त्यानें फरशी पाहावी. माग उचलून नेले तरी त्यांच्या पायांचे खिळे बसविलेलीं भोकें ओळीनें राहतात, तेलाचे काळे डाग राहतात, आणि दोन ओळींच्या मधें, विणकर ज्या चिंचोळ्या वाटेवरून बारा तास येरझारा घाली, तेथें सिमेंट झिजून गुळगुळीत झालेलें असतें. त्या वाटेची रुंदी मोजण्यास फार वेळ लागणार नाहीं. ती दोन हातांहून फारशी अधिक नसते.