शेडची चौकट आणि धरणाचा काप

1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत यंत्रमाग आणला आणि पुढं गावात शेडला शेड लागत गेली. अशा पत्र्याच्या शेडचा हिशेब करताना अख्खी शेड कुणी धरत नाही. एक कैची आणि तिचे दोन खांब, एवढीच चौकट घेतात. तिचा प्रत्येक भाग कागदावर नुसती रेघ होतो. सोपं केल्याशिवाय हिशेब होतच नाही. आज आपण बघणार आहोत, सोपं करताना टाकून काय दिलं.

1930 मध्ये अमेरिकेत हार्डी क्रॉस यांनी चौकटीतले मोमेंट हातानं वाटत जाण्याची रीत मांडली. इमारतींना ती पुरली. विमानाच्या पातळ पंखाला मात्र रेघा पुरेनात. म्हणून 1956 मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी पत्र्याचे त्रिकोणी-चौकोनी तुकडे कल्पून ते कोपऱ्यांवर जोडले. 1960 मध्ये क्लफ यांनी या रीतीला ‘फायनाइट एलिमेंट’ म्हटलं.

आपल्याकडे याचा धडा कोयनेनं दिला. धरणाच्या आराखड्यात भूकंप म्हणजे वजनाच्या 5 टक्के इतका आडवा, स्थिर जोर धरला होता. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला. 103 मीटर उंचीचं धरण टिकलं, पण वरच्या भागात, जिथं उतार एकदम बदलतो तिथं, आडव्या भेगा पडल्या. पुढं 1973 मध्ये बर्कलीच्या अनिल चोप्रा आणि सहकाऱ्यानं याचा अभ्यास छापला. त्यांनीही अख्खं धरण घेतलं नाही, एकच उभा काप घेतला. पण धरणाचं हलणं आणि उताराचा बदल त्यांनी सोडला नाही. मोठा ताण नेमका तिथंच निघाला.

म्हणजे हिशेब दोन्ही सोपेच होते. पहिल्यात धरणाचं हलणंच गळालं होतं.

आता परत शेडकडे येऊ. छपराखालच्या सी किंवा झेड आकाराच्या पर्लिन पातळ पत्र्याच्या असतात. साध्या रेघेच्या टोकाला सहा हालचाली असतात: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. पण पातळ पर्लिनला पीळ बसला की तिचा कापही सपाट राहत नाही. ही सातवी गोष्ट रशियात व्लासोव यांनी 1940 मध्येच मांडली होती. ती नसेल तर कॉम्प्युटर न कुरकुरता उत्तर देतो, आणि खाली माग चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा शेडचा हिशेब हातात आला की इंजिनिअरसाहेबांना आपण एवढं विचारूया: यात पर्लिनचा पीळ धरलाय का?