ए यू थॉर आणि सी ओ मिटर

७ एप्रिल २००५, दुपारचे ३ वाजून १३ मिनिटं, १३ सेकंद. घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. लिनस टोरवाल्ड्सने 'गिट'मधलं पहिलं कमिट, म्हणजे पहिली नोंद केली ती ही वेळ. संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजत बसलेला असतो, त्या हिशेबाने १११२९११९९३.

हा आकडा मला पाठ आहे, कारण गिटच्या चाचण्यांमधलं घड्याळ अजूनही याच सेकंदावर लावतात. पहिलं खोटं कमिट या वेळचं, दुसरं ६० सेकंदांनी पुढचं, तिसरं आणखी ६० सेकंदांनी. या कमिटांचा लेखक ठरलेला: ए यू थॉर. ती नोंदवून घेणारा: सी ओ मिटर. ('ऑथर' आणि 'कमिटर' हे इंग्रजी शब्द मोडून केलेली नावं आहेत ही. भरपूर हसून घ्या, मी पण हसले होते.)

घरच्या वाचकांसाठी थोडं थांबते. बाकीच्यांनी हा परिच्छेद उडी मारून जावं. समजा, तुम्ही घरातल्या जुन्या पत्रांचा संग्रह संगणकावर टाईप करून ठेवताय. त्याची एक प्रत तुमच्याकडे, एक बहिणीकडे. दोघंही आपापल्या प्रतीत बदल करता. कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारा आणि दोन्ही प्रती पुन्हा एक करणारा जो कारकून, तो म्हणजे गिट. वेगवेगळ्या वाटेने गेलेल्या प्रतींना ब्रँच म्हणतात, त्या एकत्र करण्याला मर्ज. हे सगळं काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करून चालतं. आणि हा कारकून नोंदीवर जो ४० अक्षरी शिक्का मारतो, तो मजकूर, नाव आणि वेळ या सगळ्यांतून निघतो. म्हणून चाचणीत वेळ आणि नाव बांधून ठेवावं लागतं. नाहीतर दर वेळी शिक्का वेगळा.

तर आता मुद्द्यावर. अशा कारकुनाची परीक्षा घ्यायची कशी? त्याच्या एकेका कप्प्याचा नट सुटा काढून तपासता येतो, पण त्याने फार काही कळत नाही. चुका होतात त्या प्रसंगांत. आधी हे केलं, मग ते केलं, दरम्यान दुसऱ्याने तिसरंच काहीतरी केलं, आणि मग मर्ज. म्हणून या क्षेत्रात फार पूर्वीपासून चाचणी म्हणजे एक छोटी गोष्टच असते. नवं रिकामं फोल्डर उघडा, दोन फाइली टाका, ब्रँच काढा, बदला, एकत्र करा आणि शेवटी काय उरलं ते बघा.

गिटच्या आधीच्या सीव्हीएसकडे 'सॅनिटी' नावाची हजारो ओळींची एकच अगडबंब स्क्रिप्ट होती. त्यानंतर आलेल्या सबव्हर्जनच्या मंडळींनी (काम सुरू २०००, पहिली आवृत्ती २००४) जरा नीटनेटकेपणा केला. त्यांच्या चाचण्या पायथॉनमध्ये, आणि जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकाच गावात घडते. त्या गावाचं नाव ग्रीक ट्री. सगळ्यात वर 'आयोटा' नावाची फाइल, मग 'ए' फोल्डरात 'म्यू', त्याच्या आत 'लॅम्डा', 'अल्फा', 'बीटा', 'गॅमा', आणखी खाली 'पाय', 'रो', 'टाऊ', 'काय', 'साय', 'ओमेगा'. आयोटाचा मजकूर काय, तर ही आयोटा नावाची फाइल आहे. बस्स. वर्षानुवर्षं त्या बिचाऱ्या आयोटाला पुसलं, हलवलं, परत आणलं, दोघांनी एकाच वेळी बदललं. मालगुडीत जशी तीच गल्ली, तीच दुकानं, तसं हे. गाव ओळखीचं असलं की वाचणाऱ्याचं लक्ष घटनेवर राहतं.

गिटच्या चाचण्या मे २००५ मध्ये आल्या, म्हणजे गिट जेमतेम महिन्याचं असताना. चौकट ज्युनिओ हामानोची. त्याच वर्षी जुलैत टोरवाल्ड्सने सगळा कारभारच त्याच्याकडे सोपवला, आणि पुढे अनेक वर्षं तो त्यानेच पाहिला. चाचण्या साध्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपण काळ्या खिडकीत जे टाईप करू तेच फाइलीत लिहिलेलं. प्रत्येक फाइलीला चार आकडी नंबर. ० ने सुरू होणाऱ्या अगदी प्राथमिक, ४ म्हणजे फरक दाखवणाऱ्या, ६ म्हणजे इतिहासाच्या आणि मर्जच्या. चाचणी जिथे घडते त्या फोल्डरचं नाव 'ट्रॅश डिरेक्टरी', आणि २००८ पासून या दोन शब्दांच्या मध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली आहे. का? तर फोल्डरच्या नावात मोकळी जागा आली की कोसळणाऱ्या स्क्रिप्टा आपोआप सापडाव्यात म्हणून. हा खवचटपणा मला फार आवडतो.

खवचटपणाचे आणखी दोन नमुने सांगते. काही वेळा आज्ञा नापास होणं हेच बरोबर असतं. नसलेल्या ब्रँचवर जायला सांगितलं तर गिटने नाही म्हणायलाच हवं. पण 'नाही' म्हणणं वेगळं आणि फेफरं येऊन पडणं वेगळं. म्हणून तिथे फक्त 'नापास झाला का' असं विचारत नाहीत. सभ्यपणे नापास झाला का, हे एक खास आज्ञा तपासते. दुसरा नमुना. गोष्टीतल्या पायऱ्या '&&' या चिन्हाने साखळीसारख्या जोडलेल्या असतात, म्हणजे एक पायरी फसली की गोष्ट तिथेच थांबते. एखादी कडी जोडायची राहिली तर? मधली पायरी फसूनही चाचणी पास दिसते. यावर २०१५ मध्ये जेफ किंगने तोडगा काढला. गोष्टीच्या सुरुवातीला मुद्दाम '११७ नंबरने नापास हो' अशी एक कडी अडकवायची. शेवटी ११७ च बाहेर आलं तर साखळी अखंड, दुसरं काही आलं तर मध्ये कुठेतरी कडी तुटलेली. परीक्षकाचीच परीक्षा!

मी स्वतः गेली पंधराएक वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. आमच्या आत्या प्रत्येक लग्नात प्रेमाने विचारतात, "अजून टेस्टिंगच का गं? कोडिंगला कधी घेणार तुला?" आत्या, हा लेख थोडा तुमच्यासाठी पण आहे, तेव्हा पुढचं जरा सावकाश वाचा.

मर्जचं काम करणारं गिटमधलं जे यंत्र, त्याचं नाव 'रिकर्सिव्ह'. २००५ मध्ये फ्रेडरिक कुइव्हिनेनने ते पायथॉनमध्ये लिहिलं. २००६ मध्ये योहानेस शिंडेलिन आणि अलेक्स रीसन यांनी ते सी भाषेत नव्याने लिहून काढलं. मग ते दहा-बारा वर्षं ठिगळं लावत चाललं. त्यातली एक जुनी तक्रार अशी: तुम्ही 'पत्रे' या फोल्डरचं नाव बदलून 'जुनी पत्रे' केलंत. तिकडे बहिणीला माळ्यावर आणखी एक पत्र सापडलं, तिने ते तिच्या प्रतीत 'पत्रे' मध्येच टाकलं. मर्ज केल्यावर ते नवं पत्र कुठे जाणार? गिट त्याला 'पत्रे' मध्येच ठेवायचं. बाकी सगळं बिऱ्हाड हललेलं, आणि हे एकटं जुन्या घरात.

इलायजा न्यूरेनने हे दुरुस्त करायला घेतलं, आणि ज्या पद्धतीने घेतलं ती वाचण्यासारखी आहे. त्याने प्रसंगांची एक लांबलचक फाइल लिहिली (तेव्हाचा नंबर ६०४३, आताचा ६४२३). प्रत्येक प्रसंगाला क्रमांक, आणि वर टिपण: मूळ स्थिती ओ, एका बाजूने केलं ते ए, दुसऱ्या बाजूने केलं ते बी, आणि अपेक्षित काय. पहिलाच प्रसंग म्हणजे आपली पत्रं, फक्त तिथे फोल्डरांची नावं 'झेड' आणि 'वाय' आहेत. मग गुंतागुंत वाढत जाते. एकाने फोल्डर फोडून दोन केली तर? नव्या जागी त्याच नावाची फाइल आधीच बसलेली असेल तर? दोघांनीही नाव बदललं, पण वेगवेगळं, तर? असे १२ विभाग.

पहिल्या काही विभागांच्या शेवटी 'या प्रसंगांवरून सुचणारे नियम' असं लिहिलेलं आहे. म्हणजे आधी नियम आणि मग त्याची तपासणी, असं नाही. आधी माणसं काय काय करतात ते मांडलं, प्रत्येक ठिकाणी कुठलं उत्तर शहाणपणाचं वाटेल ते ठरवलं, आणि त्यातून नियम गाळून काढले. एका विभागाखाली तर चक्क 'नियम: काही नाही' असं आहे. जे आठव्या विभागात आहे ते मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. तिथे असे प्रसंग आहेत की ज्यांचं उत्तर आपल्या नियमांनी फारसं चांगलं येत नाही, पण नियम सोपे राहावेत म्हणून ते चालवून घेतलंय. तसं लिहून ठेवलंय.

दहावा आणि अकरावा विभाग मात्र गंमतीचा नाही. गिटला ज्या फाइलीबद्दल कधी सांगितलंच नाही, किंवा जिच्यातला बदल अजून नोंदवलेला नाही, ती मर्जच्या वाटेत आली तर काय? उत्तर एकच, तिला हात लावायचा नाही. मी पूर्वी एका ठिकाणी होते, तिथे घरीच बनवलेलं ब्रँच बदलायचं साधन होतं. एका सहकाऱ्याने ब्रँच बदलली आणि त्याचं तीन दिवसांचं काम गेलं. पुसलं गेलं, कुठेही उरलं नाही. त्या साधनाला चाचण्या होत्या आणि सगळ्या हिरव्यागार होत्या. ब्रँच बदलली का, हे प्रत्येक चाचणी बघत होती. काय उरायला हवं, हे एकही बघत नव्हती. साधन लिहिणाऱ्यांनी त्या दिवशी त्यालाच सुनावलं, की आधी सेव्ह करून नोंद का नाही केलीस. तो काही बोलला नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट, रात्री बसून त्याने सगळं पुन्हा लिहिलं.

असो. न्यूरेनचं काम एप्रिल २०१८ मध्ये मुख्य प्रवाहात आलं. आणि काही दिवसांतच खुद्द टोरवाल्ड्सची तक्रार आली. त्याने लिनक्सच्या कोडमध्ये एक साधं मर्ज केलं, आणि नंतर जवळजवळ सगळं लिनक्स नव्याने बांधायला लागलं. फाइलींचा मजकूर अचूक होता. पण गिटने एका फाइलीवर तोच मजकूर विनाकारण पुन्हा लिहिला होता, म्हणून तिच्यावरची वेळ बदलली. बांधणी करणारं साधन वेळ बघतं. त्याला वाटलं फाइल बदलली, आणि ती फाइल अशी की तिच्यावर अर्धं जग अवलंबून.

१२ विभागांत हा प्रसंग नव्हता. असणार तरी कसा? सगळे 'काय उरलं' बघत होते, आणि इथे जे उरलं ते बरोबरच होतं. काम मागे घेतलं गेलं, दुरुस्त होऊन जूनमधल्या २.१८ आवृत्तीत परत आलं. सोबत एक नवी चाचणी फाइल आली, विनाकारण लिहू नका या एकाच विषयावरची. आज ती उघडली तर युक्ती दिसते: फाइलीवरची वेळ मुद्दाम एक तास मागे सरकवायची, मर्ज करायचं, आणि वेळ तिथेच आहे ना ते बघायचं. पुढे २०१९ मध्ये आणखी एक बदल झाला. पत्र नव्या घरी हलवायचं, पण गुपचूप नाही. 'मी हे हलवलंय, एकदा बघून घ्या' असं सांगून थांबायचं. हा निर्णय मला पटतो. कारकुनाने डोकं चालवावं, पण विचारावं.

एवढी ठिगळं लावल्यावर न्यूरेनच्या लक्षात आलं की जुनं यंत्र आता दुरुस्त करण्यापेक्षा नवं लिहिलेलं बरं. त्याचं नाव 'ऑर्ट'. (नावाची फोड साधारण 'म्हणे रिकर्सिव्हचा जुळा भाऊ' अशी आहे.) कोट्यवधी लोक रोज वापरतात ते यंत्र कोरं लिहून बदलायचं, हे धाडस कशाच्या जोरावर? प्रसंगांच्या. चाचण्यांमध्ये एक कळ बसवली: तीच गोष्ट, तेच ए यू थॉर, तेच २००५ चं घड्याळ, एकदा जुन्या यंत्रावर चालवा, एकदा नव्या. काही प्रसंगांवर तर सरळ लिहून ठेवलं होतं, 'रिकर्सिव्ह: नापास, ऑर्ट: पास'. म्हणजे वर्षानुवर्षं 'हे आपल्याला जमत नाही' अशी कबुली म्हणून ठेवलेल्या गोष्टी नव्या यंत्राच्या प्रगतिपुस्तकात गेल्या. नोव्हेंबर २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून ऑर्ट हेच नेहमीचं यंत्र झालं.

आत्या, तर बघा. पायथॉनमधलं यंत्र गेलं, सी मधलं आलं. जून २०२५ मध्ये, २.५० आवृत्तीत, त्या सी मधल्या रिकर्सिव्हचाही कोड काढून टाकला. प्रसंगांची फाइल आहे तिथेच आहे. फक्त लोकांच्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये 'रिकर्सिव्ह' असं लिहिलेलं असतं, म्हणून ते नाव चालू ठेवलंय. हाक रिकर्सिव्हला मारायची, ओ ऑर्ट देतो.